हिरवा चहा आणि विस्मरणाचे भय

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. विवाहविधी सुरू होता. वधूवर वेदीसमोर उभे होते आणि वधूचे नाव उच्चारण्याच्या क्षणी ते मला आठवेना. धर्मशिक्षणाच्या वर्गात मीच शिकवलेली ती मुलगी! समोरच्या कागदावर नजर टाकून मी वेळ निभावून नेली. कोणाच्या काही लक्षात आले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या आईने आयुष्याची अखेरची सहा वर्षे विस्मरणात काढली. तिच्याही बाबतीत प्रारंभ असाच नावांपासून झाला होता. शेवटी शेवटी मी घरी गेलो की ती अदबीने खुर्ची पुढे करी आणि विचारी, “फादर, तुमची आई आहे ना हो?” मी ‘आहे’ म्हणत असे. तिचा वारसा आता माझ्याकडे येत आहे की काय, या शंकेने मला घेरले.

त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब जपानच्या यात्रेहून परतले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी जेथे क्रुसावर हौतात्म्य आले, त्या नागासाकीचे दर्शन घेऊन त्यांनी माझ्यासाठी हिरव्या चहाची पुडी आणली. “फादर, तिकडचे म्हातारे रोज हाच पितात. डोकं तल्लख राहतं म्हणे.” बुडत्याला काडीचा आधार! स्वयंपाक पाहणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी तो गवती चहा समजून दूधसाखरेत उकळला. तो घोट मी आजही विसरलेलो नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा एवढा तरी पुरावा मिळाला.

पुढे कुतूहलाने मी वाचू लागलो. हिरवा आणि आपला नेहमीचा चहा एकाच झुडपाचा. पाने खुडताच वाफेने वा कढईत तापवली, की ती काळी पडण्याची क्रिया थांबते व हिरवेपणा टिकतो. त्यात कॅटेचिन नावाची द्रव्ये विपुल असतात. शिवाय तरतरी आणणारे कॅफिन आणि मनाला शांतवणारे थिॲनिन. या पेयावरील विश्वासही जुना आहे. एइसाई या जपानी बौद्ध भिक्षूने 1211 साली चहाच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला होता. 2006 साली जपानमधील संशोधकांनी सत्तरी गाठलेल्या 1003 स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज दोन वा अधिक पेले हिरवा चहा घेणाऱ्यांत बुद्धीची क्षीणता कमी आढळली. हे वाचून माझा आनंद गगनात मावेना. दोनाचे मी चार पेले केले.

आणि येथेच माझी चूक झाली. रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेत होतो, कधी नाही. चहा आहे ना, अशी मनाची समजूत! आमच्या धर्मग्रामातील एक तरुण डॉक्टर बाई एकदा भेटीस आल्या. सारे ऐकून त्यांनी प्रथम माझा रक्तदाब मोजला: 168 आणि 96. मग म्हणाल्या, “फादर, ती पाहणी एका वेळचीच आहे. चहामुळे बुद्धी टिकली, की ज्यांची बुद्धी टिकली तेच चारचौघांत बसून चहा पीत राहिले, हे तिच्यावरून कसं ठरवणार? आणि तुम्हाला ऐकू नीट येतं का?”

मी गप्प झालो. पापनिवेदनास आलेल्यांना मी वरचेवर ‘पुन्हा सांगा’ म्हणत असे, हे मला ठाऊक होते. कबूल करायचे धैर्य नव्हते.

2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा ही त्यांतली काही. ही सारी दूर झाली, तर सुमारे 45 टक्के रुग्णांचा आजार टळू वा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज. त्या यादीत चहाचा उल्लेखही नाही.

आज माझ्या कानात श्रवणयंत्र आहे आणि गोळ्यांची डबी जेवणाच्या टेबलावर. हिरवा चहा मी सोडलेला नाही. पाणी उकळले की थोडे निवू देतो, मग पाने दोनेक मिनिटे ठेवतो. अन्यथा कडू होतो. जेवणाबरोबर घेत नाही, कारण त्यामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा. त्याच्या अर्काच्या कॅप्सूलही परस्पर घेऊ नयेत. अतिरेकाने यकृताला इजा होऊ शकते.

एक बदल मात्र केला आहे. चार वाजताचा पेला मी एकट्याने घेत नाही. पत्नीच्या निधनानंतर एकाकी झालेल्या एका निवृत्त शिक्षकांकडे थर्मास घेऊन जातो. ते दररोज तीच जुनी हकिकत सांगतात. मी ती ऐकतो. आता तर स्पष्ट ऐकू येते. माझी आई असताना मला नेहमीच परतण्याची घाई असे.