ब्लेडच्या आधी पाणी

लोणावळा, मार्गशीर्ष

चि. मुक्ता,

प्लॅनेरिया हा चपटा कृमी कापून बघायचा तुझा बेत कळला. ब्लेड नंतर, आधी तो मिळू दे. इंद्रायणी उगम पावते त्या कुरवंड्याकडच्या ओढ्यात संध्याकाळी कलेजीचा तुकडा दोऱ्याला बांधून दगडाखाली सोडायचा. उजेडाचं त्याला वावडं. वासावर मात्र अंधारात येतो. भिंगातून तिकोनी डोकं दिसेल, आणि डोळे असे की तिरळाच वाटावा. तोंड पोटाखाली मधोमध. तिथून सोंड काढून खातो नि नको ते त्याच वाटेने बाहेर टाकतो.

दहावीच्या पुस्तकात याला लिव्हरफ्लूक आणि पट्टकृमीच्या पंगतीला बसवलंय, म्हणून वहिनी नाक मुरडते. सोयरे वाईट आहेत खरे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांच्या लघवीतून रक्त जायचं. त्यामागे शिस्टोसोमा हा चपटा कृमी असल्याचं १९५२ साली प्रसिद्ध झालं. तो गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढून माणसात शिरतो. आपला ओढ्यातला मात्र कुणाच्या अंगात जात नाही.

कापल्यावर काय होतं ते थॉमस हंट मॉर्गनने १८९८ साली तपासलं. २७९व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी उभा राहतो, असा हिशोब तेव्हापासून सांगतात. अंगभर विखुरलेल्या मूलपेशी जखमेपाशी जमतात आणि हवं ते घडवतात. शेपटीच्या तुकड्याला मेंदूसकट नवं डोकं येतं, तेही दोनेक आठवड्यांत. उपाशी ठेवला तरी पटकन मरत नाही. स्वतःलाच खात आकसतो, खायला मिळालं की पुन्हा वाढतो.

असा चिवट जीव घाण पाण्यापुढे मात्र हरतो. रक्त नाही, कल्ले नाहीत. प्राणवायू त्वचेतूनच थेट पेशीपेशीला पोचायला हवा, म्हणून तर अंग कागदासारखं. त्याच त्वचेतून साबण आणि क्लोरीनही शिरतं. तेव्हा शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गर्दी उसळते, तिच्या खालच्या अंगाला शोधू नकोस. बंगल्यांचं सांडपाणी ओढ्याला मिळतं तिथंही नको. वर जा.

नळाचं पाणी चालणार नाही, ओढ्याचंच बाटलीत भरून घे. कापण्याआधी आठवडाभर खायला देऊ नकोस. भरल्या पोटी कापलं की तुकडे कुजतात. बर्फावर थोडा वेळ ठेवलास की हालचाल मंदावते. उरलेले त्याच ओढ्यात सोडायचे, वलवणच्या तलावात नाही.

कलेजी मी आणून ठेवते. परत जाताना तुकड्यांचे डबे पुण्याला तुमच्याच घरी येणार, हे वहिनीला तू सांग. मी नाही सांगणार.

तुझी,
आत्या