भय आणि अभय

भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानक हा शिकवायला सर्वांत सोपा रस आहे, असे अध्यापकांच्या खोलीत पूर्वी गमतीने म्हटले जाई. शृंगाराच्या वेळी वर्ग कानकोंडा होतो, करुणाच्या वेळी अध्यापकाचाच कंठ दाटण्याची भीती असते; भयानकाच्या वाट्याला मात्र अशी कोणतीच अडचण येत नाही. स्थायी भाव भय, वर्ण कृष्ण, दैवत काल. विकृत आवाज, अरण्य, ओस पडलेले घर हे विभाव; हातापायांचा कंप, रोमांच, मुखाचा पालटलेला वर्ण, घोगरा झालेला स्वर हे अनुभाव. एवढे फळ्यावर मांडले की तास संपतो. पदव्युत्तर वर्गांना साहित्यशास्त्र शिकवताना मी ही मांडणी तीस वर्षे केली आणि आजही ती मला तितकीच नेटकी वाटते.

त्या मांडणीचा कळस अभिनवगुप्ताच्या विवेचनात आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने पळणारे हरीण हे त्याचे उदाहरण. ते हरीण पाहताना प्रेक्षकाला ‘मी भ्यालो आहे’ असे वाटले तर रस उत्पन्न होणार नाही. ‘हे हरीण भ्याले आहे’ एवढेच वाटले तरी होणार नाही. ‘माझे’ आणि ‘त्याचे’ ही दोन्ही लेबले गळून पडून निखळ भय तेवढे उरले पाहिजे. भट्टनायकापासून चालत आलेला साधारणीकरणाचा विचार येथे पूर्णत्वाला जातो. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ या ग्रंथावर पोसलेल्या माझ्या पिढीला हा विचार जवळजवळ तोंडपाठ होता. पुढे एडमंड बर्कचा १७५७ सालचा उदात्तावरील निबंध वाचला, तेव्हा तोही आपल्या वाटेने याच परिसरात आलेला दिसला. संकट फार निकट असेल तर ते केवळ भयंकर असते. काही अंतरावरून पाहिले तर त्याच भयातून एक प्रकारचा आनंद निर्माण होतो, असे त्याचे म्हणणे. काश्मीरचा शैव आचार्य आणि आयर्लंडमध्ये जन्मलेला राजकारणी विचारवंत या दोघांनाही आस्वादासाठी एक प्रकारची सुटका हवी होती. एकाने ती ‘मी’पासून मागितली, दुसऱ्याने संकटापासून.

परंतु सुटका शक्यच नसेल तेव्हा काय? हा प्रश्न साहित्यशास्त्राचा नाही, हे मला मान्य आहे. तो मला पडला तो सहासष्टाव्या वर्षी, चंडीमंदिर येथे.

चंडीगढहून काल्क्याकडे जाताना घग्गर नदीच्या काठी हे ठिकाण लागते. येथील चंडीच्या देवळावरूनच चंडीगढ शहराला त्याचे नाव मिळाले. सैन्याच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय १९८५ साली सिमल्याहून येथे आले; ही मोठी छावणी आहे. माझी मुलगी आणि जावई दोघेही सैन्यात असल्यामुळे एका वर्षी पावसाळ्याचे शेवटचे दोन महिने मी त्यांच्याकडे होते. मागच्या अंगणातून शिवालिकच्या टेकड्या दिसत. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना त्या प्रथमदर्शनी किरकोळच वाटतात.

तो समज पायांनी दूर होतो. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. निसरडा असला तरी तो दगा देत नाही. बोटे खोबणीत रुतली की भार पेलतो. शिवालिक मात्र नद्यांनी घडवला आहे. उंचावत चाललेल्या हिमालयातून वाहून आलेली वाळू, चिखल आणि गोटे कोट्यवधी वर्षे साचत गेले आणि त्यांचेच हे डोंगर झाले. सिरमौर जिल्ह्यातील साकेती येथे या थरांत प्राचीन हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. असा हा ठिसूळ वालुकाश्म हाताने धरला तर कधी कधी हातातच येतो. पावसाळी ओढ्यांनी, ज्यांना येथे ‘चो’ म्हणतात, त्यात खोल घळी कोरल्या आहेत. कोकणात उतरणाऱ्या नाळांची ज्यांना सवय आहे, त्यांनाही येथे पाऊल टाकण्याची रीत नव्याने शिकावी लागते.

सप्टेंबरच्या अखेरीस छावणीतील चौदा जणांनी मोरनीच्या बाजूच्या अशाच एका घळीतून तिच्या टोकाच्या धबधब्यापर्यंत जाण्याचे ठरवले. त्यांत चार अधिकाऱ्यांच्या पत्नी होत्या, काही महाविद्यालयीन मुले होती आणि माझा अकरा वर्षांचा नातू होता. वाट दाखवायला सुभेदार पदावरून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. मुलाच्या नोकरीमुळे ते पंचकुल्यात स्थायिक झाले होते. ‘आजी, तू येणारच,’ असे नातवाने परस्पर जाहीर केल्यामुळे माझी निवड झाली.

येथे माझ्या भयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तरुणपणी मी रतनगड चढले होते, राजगडाच्या बालेकिल्ल्याची वाट उतरले होते. उंचीचे भय मला तेव्हा नव्हते. साठीनंतर जे भय आले ते ‘पडणे’ या एका क्रियापदाचे. माझ्या आईचे मांडीचे हाड न्हाणीघरात मोडले आणि तिची शेवटची चार वर्षे एका खाटेवर गेली. मरणाविषयी ती शांतपणे बोलत असे. दुसऱ्याने पाण्याचा पेला ओठांना लावावा, याचा संकोच मात्र तिला अखेरपर्यंत सुटला नाही. तिच्या उशाशी बसून मी जे पाहिले, ते माझ्या अंगात मुरले होते. ओल्या फरशीवर, फिरत्या जिन्यावर, बसच्या पायरीवर ते वर येई. वृद्धांचे भय असे लहान लहान जागी राहते आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

घळीच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढे होते. पुढे दोन्ही भिंती जवळ येत गेल्या, आकाशाची पट्टी अरुंद झाली आणि पाणी गुडघ्याला लागले. अर्ध्या वाटेवर पुरुषभर उंचीचा एक लहान प्रपात आडवा आला. त्याच्या बाजूने वर जायला वीतभर रुंदीची, उतरती कपार होती. खाली डोह. तरुण मुले दोराला धरून भराभर गेली. माझी पाळी आली आणि दुसऱ्याच पावलाला कपारीचा एक तुकडा सुटून पाण्यात पडला. मी थांबले. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. भरताने सांगितलेले सगळे अनुभाव एका ओळीत हजर झाले. स्वरभेदही झाला, कारण नातवाने हाक मारली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

सुभेदार माझ्या पुढच्या पावलावर होते. मागे वळूनही न पाहता ते म्हणाले, ‘बाई, लांबचं बघू नका. म्होरं माझी टाच दिसतीया न्हवं? तेवढीच बघा. ती हलली की तुम्ही हला.’ मागून एका पंजाबी मुलीने माझ्या कोपराला आधार दिला. ‘आंटीजी, मैं पीछे हूँ,’ एवढेच ती म्हणाली. मी टाच पाहिली. चिखलाने माखलेला, झिजलेल्या तळव्याचा बूट होता. तो हलला, मी हलले. कोपराशी जेथे तिचा हात लागला होता, तेथे एक सूक्ष्म कंप जाणवत होता. तो कंप तिचा होता की माझा, हे मला सांगता आले नसते. वर पोहोचल्यावर तिने सांगितले की तिचेही पाय लटपटत होते आणि माझा कोपर धरल्यावर तिला जरा धीर आला.

अभिनवगुप्ताचे हरीण मला आठवले ते तेव्हा नव्हे, पुष्कळ दिवसांनी. ‘माझे’ आणि ‘तिचे’ ही लेबले येथेही गळून पडली होती. पण कोणत्याही अंतरामुळे नव्हे, अतिनिकटतेमुळे. नाट्यगृहात भय साधारण होते आणि त्याचा आस्वाद घेता येतो. कपारीवर ते साधारण झाले आणि त्याचे वजन वाटले गेले. चौदा जणांनी त्याचे चौदा भाग केले. प्रत्येकाच्या वाट्याला एक टाच आणि एक कोपर एवढेच आले, आणि तेवढे कोणालाही पेलता येते.

धबधबा आम्ही दहाच मिनिटे पाहिला. मराठी मनात घळ आणि धबधबा यांची सांगड आधीच बसलेली असते. महाडजवळच्या शिवथरघळीत दासबोधाचे लेखन झाले अशी परंपरा आहे, आणि तेथील कोसळत्या पाण्यावरची समर्थांची रचना आजही नादाने अंगावर येते. घळीत एकांत शोधणाऱ्या त्या पुरुषाची मी मनात आठवण काढत होते, तोच सुभेदारांनी शिट्टी वाजवली. पाण्याचा रंग पालटला होता. स्वच्छ पाण्यात मातकट धार मिसळली होती आणि तिच्याबरोबर पाने, काटक्या येत होत्या. वर कुठेतरी पाऊस सुरू झाला असावा. घळीत माणसाच्या डोक्यावर ऊन असते आणि कोसभर वरचा पाऊस मात्र काही मिनिटांत येऊन पोहोचतो. भिंती उभ्या असल्यामुळे पाण्याला पसरायला जागा नसते, ते उंचीच वाढवते.

एका मुलाला वरच्या टप्प्यावर जाऊन छायाचित्र काढायचे होते. ‘काका, दोनच मिनिटं. तुम्ही तर लढाई पाहिलेली आहे, तुम्हांला कसली भीती?’ असे तो म्हणाला. सुभेदार दोर गुंडाळतच बोलले, ‘भीती वाटत नसती, तर मला पुढं चालायला ठेवलाच नसता.’ त्यानंतर कोणी वाद घातला नाही. आम्ही घळीबाहेर आलो तेव्हा तिच्या तोंडाशी सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी मांडीपर्यंत चढले होते.

या एका वाक्याने मला नाट्यशास्त्रातील एका वचनाशी पुन्हा भिडायला लावले. भय हे स्त्रियांच्या आणि नीच प्रकृतीच्या पात्रांच्या ठिकाणी असते, असे भरत सांगतो. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने भय दाखवायचे ते गुरू किंवा राजा यांच्यापुढे विनय म्हणून, म्हणजे कृतक. रंगभूमीच्या संकेताविषयीचे हे विधान आहे, हे मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत आले. तरीही दर वर्षी एखादी विद्यार्थिनी वहीतून मान वर करून पाही, आणि त्या पाहण्याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नसे. त्या दिवशी चौदा जणांत सर्वांत अधिक भय कोणाला कळत होते? ज्याने युद्ध पाहिले होते त्याला. त्याचे भय कृतक नव्हते आणि नीचही नव्हते. पाण्याचा रंग वाचणारी ती एक विद्या होती. भरतानेच भयाबरोबर शंका आणि त्रास असे निराळे व्यभिचारी भाव सांगितले आहेत. कपारीचा तुकडा सुटताच जो दचका बसला तो त्रास. पुढची खोबण भार पेलेल की नाही ही शंका. आणि या दोहोंच्या तळाशी दीर्घकाळ वसणारे ते भय. एवढी सूक्ष्म वाटणी करणाऱ्या शास्त्राला भयातील जाणतेपण ओळखता आले असते. प्रकृतींच्या उतरंडीने ते झाकले गेले, असे आता मला म्हणावेसे वाटते.

हे जाणतेपण नसेल तर काय होते, ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. जुलै २०२३ मध्ये चंडीगढला एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि घग्गरने आपले पात्र ओलांडले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मध्यावर एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली ती माणसे साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिली. त्यांच्या धैर्याविषयी किंवा अविचाराविषयी निवाडा करण्याचा अधिकार काठावरच्या कोणालाही नाही. पण ते दृश्य पडद्यावर पाहताना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात जे उठले, त्याला रस म्हणता येणार नाही, एवढे मी साहित्यशास्त्राची अभ्यासक म्हणून निश्चित सांगते. अंतर होते, सुरक्षितता होती, आणि तरीही आस्वाद नव्हता. वाटून घेता न आलेले भय पाहणाऱ्यालाही पेलत नाही.

भयाला ‘जिंकणे’ हा शब्दप्रयोग अलीकडे फार रुळला आहे. माझे भय मी जिंकलेले नाही. ओल्या फरशीवर मी आजही भिंतीला हात लावून चालते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते, आणि चंडी हे नाव उग्रतेचे असले तरी भक्त तिच्याकडे मागतात ते अभयच. मराठीचा या शब्दाशी असलेला व्यवहार पाहण्यासारखा आहे. आपण निर्भय ‘होतो’. अभय मात्र ‘देतो’, ‘मागतो’, ‘मिळवतो’. ते स्वतःचे स्वतःला घेता येत नाही, त्याला दुसरे माणूस लागते. माझ्या आईला शेवटच्या चार वर्षांत पाण्याचा पेला कोणीतरी ओठांना लावत होते, आणि ते कोणीतरी बहुधा मीच असे. तिने संकोचाने तोंड वळवले की मी ‘अगं, असू दे’ म्हणत असे. त्या दोन शब्दांत मी तिला काय देऊ पाहत होते, याचे नाव मला आता ठाऊक आहे.