‘परवा’ म्हणजे नेमकं कधी?

‘तुम्ही नोकरीत नक्की करता काय?’ हा प्रश्न मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत हमखास येतो. ‘डिजिटल फॉरेन्सिक्सचं सॉफ्टवेअर लिहितो’ म्हटलं की काका म्हणतात, ‘म्हणजे सी.आय.डी.!’ त्यात हल्ली ‘ए.आय. एजंटसाठी’ अशी भर घातली, की काकूंना एल.आय.सी. आठवते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

जप्त केलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि तिच्यात कोणी, काय, कधी केलं याचा माग काढायचा, हे मूळ काम. त्यासाठी छोटी छोटी टूल्स असतात. ‘स्लूथ किट’ हा त्यातला जुना, फुकट मिळणारा संच. एक टूल पार्टिशन दाखवतं, दुसरं फाइलींची यादी देतं, तिसरं फाइलचा मजकूर बाहेर काढतं. पूर्वी ती माणूसच चालवी. आता कुठलं टूल कधी वापरायचं हे एजंट ठरवू लागला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला, तेव्हापासून अशी टूल्स एजंटच्या हाती देण्याची एक रीत पडली. प्रत्येक टूलला एक नाव, चार ओळींचं वर्णन आणि काय माहिती पुरवायची त्याचा तक्ता. एजंटला दिसतं ते एवढंच. आतला कोड त्याला दिसत नाही. तेव्हा आमची चौघांची टीम गेले काही महिने वर्णनं लिहीत बसली आहे. चार इंजिनिअर आणि निबंधाची वही!

पण काम वाटतं तितकं सोपं नाही. आपला ‘परवा’ शब्द घ्या. ‘परवा मावशी आली’ आणि ‘परवा मावशी येणार’, क्रियापदामुळे आपल्याला बरोबर कळतं. टूलच्या निकालात क्रियापद नसतं. तिथे नुसतं ‘सी-टाइम’ असतं. युनिक्सवाल्यांच्या लेखी ती फाइलची नोंद (परवानग्या वगैरे) शेवटची बदलल्याची वेळ. विंडोजवाल्यांपैकी पुष्कळजण ती फाइल जन्मल्याची वेळ समजतात. वर्णनात खुलासा नसेल तर एजंट एक अर्थ धरतो आणि आत्मविश्वासाने पुढे जातो.

वेळेचा घोळ तर फार वाईट. समजा, न्यूयॉर्कमधल्या एका माणसाचा १५ जानेवारी हा नोकरीतला शेवटचा दिवस. त्या रात्री साडेनऊला त्याने आपली फाइल शेवटची सेव्ह केली. विंडोजची एनटीएफएस पद्धत वेळ यूटीसीमध्ये ठेवते, म्हणजे नोंद झाली १६ जानेवारी, पहाटे अडीच. ‘नोकरी सुटल्यावर फाइलला हात लावला’ असा आरोप तयार! त्यात पेन ड्राइव्ह जुन्या फॅट पद्धतीचा असेल तर तो स्थानिक वेळ लिहितो, टाइम झोनचा पत्ताच नाही. दोन्ही नोंदी एका यादीत मिसळल्या की पाच तासांची तफावत, आणि एरर मेसेज कुठेच नाही. म्हणून आमच्या वर्णनात ‘वेळ देतो’ असं वाक्य चालत नाही. कुठल्या झोनची, कुठल्या नोंदीतली, हे लिहावंच लागतं.

त्या मानाने ऑफसेटची भानगड परवडली. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, आणि यादी देणाऱ्या टूलला तोच आकडा हवा असतो. एजंट कधी कधी ५१२ ने गुणून बाइट्स देतो, १०४८५७६. टूल लगेच बोंब मारतं. आम्ही ‘ऑफसेट’ हे नाव काढून ‘स्टार्ट सेक्टर’ ठेवलं, प्रश्न मिटला.

‘मूळ पुराव्यात बदल करू नये’ असंही वर्णनात असतं, पण ती नुसती पाटी, कुलूप नव्हे. कुलूप वेगळं लावावं लागतं: प्रत काढताना राइट ब्लॉकर, आणि आधी-नंतर हॅश. १७७३ मध्ये नारायणरावांच्या वेळी पत्रात ‘ध’ चा ‘मा’ झाला, अशी आख्यायिका आहे. त्या पत्राचा एसएचए-२५६ कोणी काढून ठेवला असता तर एका अक्षराने सगळा आकडा पालटला असता आणि रामशास्त्र्यांचं काम हलकं झालं असतं! शिवाय डिस्कवरच्या एखाद्या फाइलमध्ये ‘पुढे शोधू नकोस’ असं कोणी लिहून ठेवलेलं असू शकतं. तो पुरावा आहे, हुकूम नव्हे, हेही एजंटला सांगावं लागतं; आणि तेवढ्यावर विसंबूनही चालत नाही.

सध्या आमची भांडणं चालू आहेत ती ‘डिलीटेड’ या शब्दावर. फाइल पुसली तरी नाव राहू शकतं, आणि तिची जुनी नोंद दुसऱ्याच फाइलला मिळालेली असू शकते. स्लूथ किट अशा नावापुढे ‘रीअलॉक’ लिहितं. त्या नोंदीवरून मजकूर काढला तर हाती येतो तो भलत्याच फाइलचा. नाव एकाचं, मजकूर दुसऱ्याचा, आणि अडकणारा तिसराच! तीन मीटिंगांनंतर ठरलेलं वाक्य असं: ‘नाव सापडलं याचा अर्थ मजकूर त्याच फाइलचा आहे असा नाही, नोंद पुन्हा वापरली असल्यास मजकूर काढू नये, तपासनिसाला विचारावं.’ टीममधल्या एकाला ‘विचारावं’ फार मवाळ वाटतं. त्याला ‘थांबावं’ हवं आहे. चौथी मीटिंग येत्या मंगळवारी आहे.