‘बहुधा’ या शब्दाचे वजन

आपल्या निवासी शाळेने आम्हांला इंग्रजीचे जे शब्दधन दिले, त्यात ‘प्रॉबेब्ली’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘बहुधा’ एवढाच सापडतो. त्याचे वजन मात्र शेजारच्या शब्दांशी ताडून पाहिल्यावर कळते. ‘पॉसिब्ली’ म्हणजे अशक्य नाही, इतकेच. ‘पर्हॅप्स’ म्हणजे कदाचित. होईल किंवा होणारही नाही. ‘प्रॉबेब्ली’ म्हणणारा एका बाजूस झुकलेला असतो. न होण्यापेक्षा होण्याची शक्यता अधिक, असे तो सांगतो. तरीही ‘सर्टनली’ची, म्हणजे निश्चिततेची, रेषा तो ओलांडत नाही. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा एक अर्थ पारखणे असा आहे. पारख करून मगच झुकावे, हे त्या मुळातच सुचवलेले आहे.

हा भेद घरादाराची झोप उडवू शकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या मॅमोग्राफीच्या अहवालात ‘प्रॉबेब्ली बिनाइन’ असे शब्द आले. ‘कदाचित साधी गाठ असेल’ असा अर्थ कोणीतरी लावला आणि त्या रात्री कोणाच्याही घशाखाली घास उतरला नाही. वस्तुतः अशा अहवालांत या शब्दांना ठरलेले माप असते : कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, मात्र साधारणतः ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. मी आईला एवढेच म्हटले, “भिऊ नकोस, पण तारीखही चुकवू नकोस.” तिने दोन्ही ऐकले. ‘बहुधा’ या शब्दात धीर आणि सावधपणा असे एकत्र नांदतात.

मज्झिम निकायातील चंकी सुत्तात कापटिक नावाचा सोळा वर्षांचा तरुण भगवान बुद्धांशी सत्याविषयी संवाद करतो. आपली श्रद्धा ही श्रद्धा म्हणूनच सांगणारा सत्याचे रक्षण करतो, असे तथागत त्याला समजावतात. तेवढ्या आधारावर हेच खरे आणि बाकी सारे खोटे, असा निर्वाळा मात्र त्याने देऊ नये. जितके जाणले तितकेच बोलावे, हा त्याचा मला उमगलेला अर्थ.

आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांविषयी गावाने एकेकाळी ‘ही माणसे शिकणारच नाहीत’ असा निकाल देऊन टाकला होता. त्या बोलण्यात ‘बहुधा’लासुद्धा जागा नव्हती, कारण पारख कोणी केलीच नव्हती. म्हणून आज आपण शिक्षक, पालक वा अधिकारी म्हणून एखाद्या मुलाविषयी मत देऊ, तेव्हा ते आधी पारखावे आणि पारखल्यानंतरही ‘बहुधा’ म्हणावे. त्या एका शब्दाने मुलापुढची वाट मोकळी राहते.