आठवतोय का गार्वी?

रेगे म्हटलं की आपल्याकडे बॉब मार्ले. आणि मार्ले म्हटलं की लाल-पिवळा-हिरवा टी-शर्ट, गोव्यातला शॅक आणि थंड बिअर. माझी तक्रार नाही, मीही त्या शॅकमध्ये बसलोय. पण बॉस, बर्निंग स्पिअरचा १९७५चा ‘मार्कस गार्वी’ ऐकलाय?

बर्निंग स्पिअर म्हणजे विन्स्टन रॉडनी. गाव जमैकातलं सेंट अ‍ॅन्स बे. मार्कस गार्वीही तिथलाच, जन्म १८८७चा. काळ्या माणसाचा धंदा काळ्या माणसाच्या हातात हवा, म्हणून या पठ्ठ्यानं १९१९मध्ये अमेरिकेत चक्क जहाज कंपनी काढली, ब्लॅक स्टार लाइन. तिचे शेअर्स विकताना टपालातून फसवणूक केली, असं म्हणत कोर्टानं १९२३मध्ये त्याला दोषी ठरवलं. १९२७मध्ये देशाबाहेर घालवलं. १९४०मध्ये लंडनमध्ये तो गेला. १९६४मध्ये पार्थिव जमैकात आणलं, राष्ट्रीय वीर म्हणून स्मारक-बिमारक सगळं झालं. (हा प्रकार आपल्याला काही नवीन नाही!)

रॉडनीचं दुखणं हेच, की आपलाच माणूस आपणच विसरलो. ‘ओल्ड मार्कस गार्वी’ हे गाणं तर थेट त्यावरच आहे. ‘स्लेव्हरी डेज’मध्ये तो गुलामीची आठवण काढतो, पण ओरडत नाही. ओट्यावर बसलेला आजोबा नातवंडांना तेच तेच विचारत राहतो ना, तसं. खाली छातीत घुमणारा बेस, वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची हाक. ऑफिसातल्या मित्राला हेडफोन दिला तर म्हणाला, ‘‘सही चिल आहे रे!’’ म्हटलं, शब्द ऐक. दुसऱ्याच गाण्याला त्यानं मोबाइल खाली ठेवला.

हा ‘चिल’पणा मुळात इतका नव्हताच. जॅक रुबीनं रेकॉर्ड केलेला अल्बम आयलंड कंपनीनं गोऱ्या श्रोत्यांना पचावा म्हणून पुन्हा मिक्स केला, धार बोथट केली. रॉडनी वैतागला आणि त्यानं स्वतःचं लेबल काढलं. गार्वीचा चेला शोभतो! तरीही जे उरलंय ते सॉलिड आहे.

जानेवारी २०२५मध्ये अध्यक्ष जो बायडन यांनी गार्वीला मरणोत्तर माफी दिली. शिक्षेला तेव्हा शंभरावर वर्षं उलटली होती. त्या रात्री मी ‘ओल्ड मार्कस गार्वी’ लावलं. दोनदा.