फट नसलेला कोपरा

दोन लाकडी पट्ट्या कोपऱ्यात येऊन भेटतात आणि जोडावरून नख फिरवलं तरी ते कुठे अडकत नाही! असा कोपरा मी यंदा पहिल्यांदा चाचपून पाहिला आणि तेव्हापासून माझ्या तावडीतून एकही चौकट सुटलेली नाही. फोटोच्या फ्रेमा, खिडकीच्या कडेची पट्टी, देवघराची चौकट, शेजारच्यांचा आरसा, जिथे जाते तिथे नजर आधी कोपऱ्यात जाते, आणि बहुतेक ठिकाणी लांबी भरून झाकलेली फट सापडते. ती फट अर्ध्या अंशाची असते, हे मला आता कळलं आहे. तो अर्धा अंश पकडणारं मशीन आमच्या मांडवीत, पाखाडी उतरलं की लागणाऱ्या सुतारकाकांच्या शेडमध्ये आलं आहे. कंपाउंड मायटर सॉ!

हे मशीन तुम्ही बहुधा पाहिलेलं आहे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणाऱ्यांच्या दुकानात कर्कश आवाज करत खाली येणारं गोल पातं असतं ना, त्यातलाच प्रकार. खाली फिरतं टेबल, त्याच्या मागे धातूची सरळ उभी पट्टी, तिला फेन्स म्हणतात. लाकूड फेन्सला टेकवायचं आणि वरून पातं उतरवायचं. टेबल डावीकडे-उजवीकडे फिरतं, त्यामुळे फळीच्या रुंदीत तिरपा काप मिळतो. पात्याची मान बाजूला कलते, त्यामुळे जाडीतही तिरपा काप मिळतो. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात! पूर्वी हे काम लाकडी खोक्याच्या खाचांतून हातकरवत चालवून व्हायचं, आणि खाच झिजली की कोन गेलाच. या टेबलाला ०, १५, २२.५, ४५ अशा नेमक्या अंशांवर खाचा आहेत, फिरवत आणलं की टेबल खट्कन जाग्यावर बसतं. मी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फिरवत राहिले. काका म्हणाले, "फिरव हवं तेवढं, बाय. प्लग काढलाय."

साडेबावीसची खाच कशाला, असं मी विचारलं आणि माझी दुपार तिथेच गेली. अष्टकोनी चौरंगासाठी! ३६० ला ८ ने भागा, ४५ येतात. प्रत्येक कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटणार, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला निम्मे, साडेबावीस. षट्कोनाला ३०, चौकोनी चौकटीला ४५. पण खरी गंमत पुढे आहे. मांडवीच्या किनाऱ्यावर रत्नागिरीचे गणपती विसर्जनाला येतात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून या शेडमध्ये मखरांची कामं सुरू असतात. मखराला चारी बाजूंनी उतरतं छप्पर करायचं आहे, उतार ४५ अंशांचा. तर फळी टेबलावर आडवी ठेवायची, टेबल ३५.३ वर, पातं ३० वर. उतार अधिक चढा, ६० अंशांचा हवा? टेबल २६.६, पातं ३७.८. आता हाच उतार कमी करत शून्यावर आणा. टेबल ४५ वर जातं, पातं सरळ उभं राहतं, आणि हाती येते फोटोची चौकट. उलट उतार वाढवत ९० वर न्या. टेबल सरळ होतं, पातं ४५ वर कलतं, आणि हाती येते पेटी! म्हणजे सपाट चौकट, उतरतं छप्पर आणि उभी पेटी, ज्यांना मी तीन वेगळी कामं समजत होते, ती एकाच कोनाच्या प्रवासातली तीन ठिकाणं निघाली. हे समजलं त्या संध्याकाळी मी जेट्टीवर बसून वहीत उतार मांडत होते आणि समोरचा सूर्यास्त कधी झाला ते कळलंच नाही.

आपल्या गावात हे कौशल्य नवं नाही. एकोणिसाव्या शतकातच रत्नागिरीत स्कूल ऑफ इंडस्ट्री होती. ब्रह्मदेशच्या राजासाठी १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या थिबा पॅलेसच्या कोरीव, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आजही जाऊन बघा. असलं मशीन हाताशी नसताना त्या माणसांनी ते कोन साधले, म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर माझ्या मनात आता कैक पटींनी वाढला आहे.

मात्र मशीन खोक्यातून काढलं की ते अचूक असतंच असं नाही. वाहतुकीत हलतं, टेबलाच्या आणि पात्याच्या कोनांचे बोल्ट सरकतात. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उघडते. अष्टकोनाला सोळा काप, तिथे तीच चूक आठ अंशांची! म्हणून प्लग काढून, पातं खाली आणून, गुण्या आधी फेन्स आणि पात्यामध्ये धरायचा, मग टेबल आणि पात्यामध्ये. गुण्या पात्याच्या दाताला टेकता कामा नये, कारण दात पात्यापेक्षा किंचित जाड असतात. तो दोन दातांच्या मधल्या सपाट अंगाला टेकवायचा. यानंतरची परीक्षा मला फार आवडली. दोन्ही कडा समांतर असलेली फळी मधोमध सरळ कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही कापलेली टोकं भिडवून कडा सरळ पट्टीला लावायच्या. चूक असेल तर फट दिसते, आणि ती दुप्पट होऊन दिसते. डोळ्यांना पकडता न येणारी चूक लाकूड स्वतःच मोठी करून दाखवतं!

पात्याविषयी माझं मत ठाम झालं आहे. मशीनवर थोडे पैसे कमी घाला, पण पातं चांगलं घ्या. दहा इंची पात्याला साठ ते ऐंशी कार्बाइडचे दात असले की आडवा काप गुळगुळीत येतो. चोवीस दातांचं पातं भराभर कापतं, पण काठ फाडतं. साधं दहा इंची मशीन साडेपाच इंचांच्या आसपास रुंदीची फळी कापतं, सरकत्या मानेचं बाराच्या आसपास. घरगुती चौकटी आणि मखरांना साधं पुरतं.

आता वापर. असं पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेतं, म्हणजे दाताचा वेग ताशी २३० किलोमीटर. हा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि मग काकांचा प्रत्येक नियम मनापासून पटला. ओढणी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं, केस घट्ट बांधायचे. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज रोखणारे मफ, नाकावर मास्क. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे, म्हणून भुशाची पिशवी लावलेली असली तरी मास्क हवाच. हातमोजे मात्र घालायचे नाहीत! कापड दातात अडकलं की हात आत ओढला जातो.

लाकूड खाली टेबलाला आणि मागे फेन्सला घट्ट बसलेलं हवं. फळी वाकडी असेल तर तिचं फुगीर अंग फेन्सकडे ठेवायचं. उलटं ठेवलं तर काप संपत येताना फळी मिटते, पात्याला चिमटते आणि झटका बसतो. हात पात्यापासून निदान पंधरा सेंटिमीटर दूर. एक हात दुसऱ्यावरून आडवा न्यायचा नाही. तुकडा इतका लहान असेल की हात जवळ जातो, तर क्लॅम्प लावायचा, नाहीतर लांब पट्टीवरूनच कापून घ्यायचा. लांब पट्टीच्या टोकांना टेबलाच्या उंचीचा आधार द्यायचा. सारख्या लांबीचे तुकडे करायला अडणी लावली, तर पलीकडचा तुकडा मोकळा राहिला पाहिजे. दोन्ही बाजूंनी अडकलेला तुकडा पातं उडवून देतं. मग बटण दाबायचं, पातं पूर्ण वेगात येऊ द्यायचं, शांतपणे खाली न्यायचं, काप संपला की बटण सोडायचं आणि पातं खालीच ठेवून थांबायचं. "घाई नको बाय, थांबूदे त्याला," काका दर वेळी म्हणतात. फिरतं पातं वर उचललं तर तुकडा उडतो, आणि कापलेल्या अंगावर ओरखडाही उमटतो!

इथेच मला सर्वांत मोठा शोध लागला. बोटं वाचवणारी प्रत्येक सवय काप सुंदर करणारीही आहे. फळी फेन्सला घट्ट धरली की झटका बसत नाही आणि कोनही हलत नाही. पूर्ण वेगाची वाट पाहिली की पातं अडकत नाही आणि काठही फाटत नाही. धारदार पात्याला जोर लावावा लागत नाही, म्हणून हात घसरत नाही, आणि लाकूड जळत नाही. सुरक्षिततेची यादी वेगळी, कारागिरीची वेगळी, असं मी समजत होते. त्या दोन याद्या नाहीतच!

कोकणातल्या पावसाळ्याचे दोन धडे वेगळे आहेत. पहिला विजेचा. कापताना लाईट गेली तर बटण लगेच सोडायचं, पातं थांबेपर्यंत हलायचं नाही, मग प्लग काढायचा. विजेवर चालणारा ब्रेक अशा वेळी लागेलच असं नाही, आणि बटण दाबलेलं राहिलं तर लाईट आल्याबरोबर पातं फिरेल. अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच नसलेल्या शेडमध्ये हे मशीन लावूच नये. दुसरा धडा लाकडाचा. पावसात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे फुगल्यावर पंचेचाळीसच्या जोडाचा बाहेरचा कोपरा उघडतो आणि उन्हाळ्यात आकसल्यावर आतला. ओलसर लाकडावर कितीही अचूक काप घेतला तरी तो टिकणार नाही. साग असो वा फणस, आधी नीट वाळलेला हवा.

आणि खारा वारा! मांडवीत समुद्र दारातच असल्यामुळे लोखंड गंजायला वेळ लागत नाही. काम संपलं की भुसा झटकायचा, कारण भुसा ओल धरून ठेवतो. टेबलावर मेणाचा पातळ हात, मानेच्या सांध्यांना कोरडं वंगण, वरून सुती कापड. प्लास्टिकखाली घाम धरतो. पात्यावर चीक आणि डिंकाचा थर साचला की ते बोथट झाल्यासारखं वागतं. मग प्लग काढून पातं सोडवायचं, साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासायचं आणि लगेच कोरडं करायचं. पात्याच्या नटाला बहुतेक मशीनांत उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. परत बसवताना पात्यावरचा बाण मशीनवरच्या बाणाशी जुळवायचा. मोटरचे कार्बन झिजले की बदलायचे. आणि पात्यावरचं गार्ड हात सोडताच आपोआप मिटतं का, हे रोज बघायचं. ते अडखळत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत काम बंद. गार्ड तारेने बांधून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती मला अक्षम्य वाटते.

हे मशीन घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या, पण त्याच खरेदीत चष्मा, मास्क, मफ आणि चांगला गुण्याही घ्या. पहिली संध्याकाळ प्लग न लावता त्याच्याबरोबर घालवा. टेबल फिरवा, पातं कलवा, गार्ड उघडून-मिटून पाहा, गुण्या लावा. दुसऱ्या दिवशी टाकाऊ फळी कापा, एक तुकडा उलटा करून भिडवा, आणि फट दिसली नाही तरच चांगल्या लाकडाला हात लावा.