पाठ आणि ओझे

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाला सामान या विषयावर बोलण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बदलीच्या प्रत्येक हुकुमाबरोबर उच्चारतो. परंतु खरे पाहता आपल्यापैकी कितीजणांचे बिऱ्हाड पाठीवर असते? ते असते मालगाडीत, हमालाच्या डोक्यावर, नाही तर कचेरीतल्या शिपायाच्या खांद्यावर. आपल्या पाठीवर असतो तो कोट. माझ्या नोकरीची बावीस वर्षे अशीच गेली. मग कुमाऊँच्या डोंगराळ भागात बदली झाली, पायी दौरे करणे भाग पडले, आणि पाठीवर घ्यावयाच्या सॅकचा मी आयुष्यात प्रथमच गंभीरपणे विचार करू लागलो.

एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. आपल्याकडे ओझे परंपरेने पाठीवर नसतेच. माझी आजी डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर दोन घागरी आणीत असे. कावड खांद्यावर, पडशी खांद्यावरून पुढेमागे लोंबती, मूल कडेवर. पाठीवर पोते घेतो तो बाजारपेठेतला हमाल, पण तेही गाडीपासून गोदामापर्यंतच. सपाट वाटेने मान ताठ ठेवून चालावयाचे तर डोक्यासारखी जागा नाही. हिमालयात मात्र वाट उभी चढते, माणूस पुढे वाकून चालतो, आणि वाकलेल्या माणसाला ओझे ठेवावयास पाठ हीच एक जागा उरते. पडशीची सोय तिथेही आहे, पण ती जनावरांसाठी. जोहार खोऱ्यातले शौका व्यापारी १९६२ पर्यंत तिबेटशी मीठ, लोकर आणि धान्य यांचा व्यापार करीत, तेव्हा शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लहान लोकरी पिशव्या टाकीत. त्या पाहिल्या तेव्हा आमच्या वारकऱ्यांची पडशी आठवल्यावाचून राहिली नाही.

सॅक घ्यावयाला प्रथम हल्द्वानीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने कागदाच्या बोळ्यांनी फुगवलेली एक देखणी सॅक माझ्या पाठीवर चढविली आणि आरशासमोर उभे केले. कप्पे मोजून दाखविले, सोळा होते. रिकाम्या सॅकमध्ये सारेच पुरुष तेनसिंग दिसतात. मी म्हटले, यात वीस किलो घाला. तो चमकला, पण माणूस भला होता. शेजारच्या वाण्याकडून त्याने पिठाची दोन पोती आणविली. ती आत जाताच देखणेपणा संपला. पट्टे खांद्यांत रुतले, पाठीमागचा भाग पोटासारखा सुटला, आणि कमरेचा पट्टा, जो केवळ शोभेचा होता, बेंबीवर येऊन बसला. पाच मिनिटे दुकानात येरझारा घातल्या आणि पीठ वाण्याकडे परत केले.

त्या पाच मिनिटांत जे कळले ते पुढे वाचून पक्के झाले. ओझ्याची सॅक माणसाच्या उंचीवरून घ्यावयाची नसते, पाठीच्या लांबीवरून घ्यावयाची असते. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका बोटाला टोचतो, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे. पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसाची पाठ आखूड आणि त्याच्याहून बुटक्याची लांब, असे पुष्कळदा असते. कमरेचा पट्टा त्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. कारण भाराचा मोठा वाटा कमरेतून पायांत उतरावयाचा असतो. खांद्यांनी केवळ तोल सांभाळावयाचा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांच्या आसपास ठेवाव्यात, तळाशी अंथरूण. हे सारे साधायचे तर आत ताठ चौकट हवी, नाही तर कमरेच्या पट्ट्यापर्यंत भार पोचवणार कोण?

ही चौकट माणसाला फार पूर्वी सुचली होती. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ धनुष्यबाण होते आणि त्याच्या पाठीवरच्या ओझ्याची समजली जाणारी, वाकविलेल्या काठीची व फळ्यांची चौकटही होती. नॉर्वेचा ओले बर्गन १९०८ च्या सुमारास शिकारीला गेला असता लिबलिबीत पिशवीला कंटाळला आणि त्याने झाडाची फांदी पाठीच्या आकाराप्रमाणे वाकवून तीत बसविली, असे सांगतात. ब्रिटिश सैनिक आपल्या सॅकला अजून ‘बर्गन’ म्हणतो. कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टीने १९५२ पासून ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकावयास काढल्या. चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खुपसून चालताना खांदे एकाएकी हलके झाले, आणि त्यातून कमरेवर भार घेण्याची युक्ती सुचली, अशी त्याची कथा आहे. शोध खिशात लागावा, हे मला मोठे गमतीचे वाटते.

शिकाऱ्याचे नाव दोनदा आले ते उगाच नव्हे. माझा एक भाचा कोलोरॅडोत असतो. त्याचा शेजारी दर शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. ‘मामा, तुम्हाला गिर्यारोहकाची नको, शिकाऱ्याची सॅक हवी,’ असे भाच्याने कळविले, तेव्हा माझ्यासारख्या शाकाहारी माणसाची तो थट्टा करतो आहे असेच वाटले. पण कारण विचार करण्याजोगे होते. गिर्यारोहकाचे ओझे दिवसेंदिवस घटते. तो शिधा खात जातो. शिकाऱ्याचे उलट. तो जाताना हलका असतो आणि शिकार साधली तर परतताना त्याचे ओझे दुपटीतिपटीने वाढते. हाडे काढलेले मांससुद्धा एका नराचे ऐंशी-नव्वद किलोंच्या घरात जाते आणि ते खेपा करून पाठीवरूनच आणावे लागते. म्हणून त्याच्या सॅकची पिशवी चौकटीपासून सुटी करता येते आणि मधल्या जागेत जड वस्तू पाठीशी घट्ट आवळता येते. अलास्कात तर कायदाच आहे, की खाण्याजोगे मांस टाकून यावयाचे नाही. आणि मांस आणण्याआधी नुसती शिंगे घेऊन निघावयाचे नाही. कायद्याचे हे कलम वाचून माझ्यातला सरकारी नोकर प्रसन्न झाला.

आपल्याकडच्या शिकारकथांत मात्र सॅक कुठे आढळत नाही. बंदुकीचे वर्णन असते, मचाणाचे असते. तंबू, पलंग, टिनचे डबे कोणी वाहिले, त्याचा उल्लेख ओझरता. १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, हे योग्यच झाले. पण ते वाहणारे त्याआधीच आपल्या हक्कासाठी उठले होते. कुमाऊँत दौऱ्यावर येणाऱ्या साहेबाचे सामान गावकऱ्यांनी वाहिलेच पाहिजे, अशी कुली-बेगार होती आणि कोणाची पाळी केव्हा, याच्या नोंदवह्या गावोगाव होत्या. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात लोकांनी त्या वह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या. आपण अंमलदार आज तिथे दौऱ्यावर जातो, तेव्हा त्याच वाटांनी जातो.

भाच्याने सुटीत येताना ती शिकारी सॅक आणली. रिकामीच तीन किलोंची. ती घेऊन जोहार खोऱ्यात, मुनस्यारीहून मिलमकडे, आम्ही पाचजण निघालो. त्या वेळी बरीचशी वाट पायीच काढावी लागे. बरोबर एक डोटियाल होता. पश्चिम नेपाळातल्या डोटीहून येणाऱ्या मजुरांना कुमाऊँत हे नाव आहे. मी त्याला दाज्यू म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. वयाने तो माझ्याहून थोडा मोठाच असावा. चाळीस किलोंचा ठराव झाला होता. त्याने माझी सॅक हातात घेऊन उलटसुलट पाहिली, चौकट दाबली, ‘बढ़िया है’ म्हणाला, आणि आपले सामान नेहमीप्रमाणे दोरीने बांधून नाम्लो कपाळावर चढविला. नाम्लो म्हणजे कपाळावरून जाणारा रुंद पट्टा. सारे ओझे त्यावर. ती पद्धत मागासलेली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला नेपाळी भारवाहकांचा अभ्यास पाहावा. पुरुष सरासरीने आपल्या वजनाच्या ९३ टक्के भार वाहत होते, स्त्रिया ६६ टक्के. आणि तेवढाच भार सॅकमधून वाहणाऱ्या पाश्चात्त्यांपेक्षा त्यांची शक्ती कमी खर्च होत होती.

पहिल्या मोठ्या ओढ्यापाशी दाज्यू थांबला. ‘साहब, पेटी खोल लीजिए.’ कमरेचा पट्टा सोडा. पाण्यात पाय घसरला तर सॅक माणसाला खाली दाबते. त्याला स्वतःला काही सोडावयाचे नव्हते. मान कलती केली की नाम्लो निसटतो आणि ओझे पडते. पाच हजार वर्षांच्या चौकटीत ही एक सोय अजून कोणाला बसविता आली नाही.

मारतोलीला, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, आमच्यातल्या तरुण लेखनिकाचे डोके ठणकू लागले. रात्री त्याला उलट्या झाल्या. अशा वेळी औषधांपेक्षा उतरणे महत्त्वाचे असते, आणि उतरताना त्या माणसाच्या अंगावर काही असता कामा नये. पहाटे त्याची अकरा किलोंची सॅक दगडावर ठेवलेली होती आणि सर्वांचे डोळे सवयीने दाज्यूकडे गेले. त्याने हात पुढे केलाही. शिधा संपत आल्यामुळे त्याचे ओझे तेहतीस किलोंवर आले होते. कराराप्रमाणे आणखी सात किलो त्याच्या पाठीवर बसत होते. मात्र आदल्या दिवसापासून त्याच्या डाव्या गुडघ्याला फडके बांधलेले होते. करारात गुडघ्याचे कलम नव्हते. मी माझ्या सॅकची पिशवी चौकटीपासून सैल केली, लेखनिकाची सॅक मध्ये सरकवली आणि पट्टे आवळले. एल्कच्या जागी ती नीट बसली.

उतार मोठा होता आणि माझी चाल मंद. दर अर्ध्या तासाला टेकावे लागे. दाज्यू काठी ओझ्याखाली लावून उभ्यानेच विसावा घेई आणि माझ्या उठण्याची वाट पाही. खांदे शाबूत राहिले, हे त्या सॅकचे श्रेय. मांड्यांचे काय झाले ते सांगत नाही. बोगड्यारला पोचेपर्यंत लेखनिकाला भूक लागली, आणि आम्ही सर्वांनीच मोकळा श्वास घेतला.

मुनस्यारीला एका किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही ओझी ठेवली. माझे चोवीस किलो भरले, दाज्यूचे तेहतीस. मला तो अभ्यास आठवत होता. टक्केवारी काढावयाची म्हणून मी त्याला काट्यावर उभे राहावयास सांगितले. तो तयार होईना.

‘उसका भाड़ा कौन देगा, साहब?’ म्हणाला, आणि गुडघ्याचे फडके सोडू लागला.